पहारेकरी, आंधळी आणि वरची कवळी

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे कवळीकाका गेली एकतीस वर्षं लोकांना दात करून देतात, आणि ज्यांना दात दिले त्यांतली चार-पाच माणसंसुद्धा त्यांनी पाहिलेली नाहीत. यात गूढ काही नाही, धंदाच तसा आहे. दवाखान्यात डॉक्टर हिरड्यांचं माप घेतात, ते प्लास्टरमध्ये ओतून काकांकडे येतं. काका त्यावर मेणात दात लावतात, मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक शिजवतात, घासून चकचकीत करतात आणि पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या निळ्या डबीत घालून परत पाठवतात. कवळी कोरडी पडली तर वाकते, म्हणून पाणी. माणूस मध्ये कुठेच येत नाही. एकदा एका लग्नात समोरच्या पंगतीतला एक गृहस्थ मोठ्याने हसला तेव्हा काका शेजाऱ्याला म्हणाले, "हा माझा." काकूंनी त्यांना चिमटा काढला. पण काकांचं चूक नव्हतं. खालचे पुढचे सहा त्यांचेच होते.

काकांची काम करायची खोली आत आहे आणि बाहेरच्या खोलीत टाकी. ही टाकीही दातांच्याच कृपेने आलेली. नऊ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि पेशंट बसायच्या खोलीतली साठ लिटरची काचेची टाकी काकांना देऊन टाकली. "हिच्याकडे बघत बसलं की माणसाला दाढ दुखत असल्याचं आठवत नाही," असं ते म्हणाले होते. काकांची दाढ दुखत नव्हती, तरी त्यांनी टाकी घेतली. पहिली दोन वर्षं त्यात साधे गोड्या पाण्याचे मासे होते. मग एक दिवस काकांनी खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल कुठेतरी वाचलं, आणि काकूंच्या शब्दांत सांगायचं तर, "घरात समुद्र शिरला."

त्या समुद्रात वस्ती फार नव्हती. पोकळ, भोकाभोकांचे दगड, ज्यांच्यावर सूक्ष्म जीव राहतात आणि पाणी स्वच्छ ठेवतात. त्या दगडांवर पाच-सहा जातींचे प्रवाळ, त्यातले काही शर्टाच्या बटणांएवढे, एक जाडजूड हातमोज्यासारखा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, जे सकाळी भांडत आणि दुपारी गळ्यात गळे घालत. थोड्या गोगलगाई. आणि एक जोडी, जिच्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच.

जोडीतला एक मासा. बोटाएवढा, पिवळा, चेहऱ्यावर कायमची नाराजी, जणू आत्ताच कोणीतरी त्याच्या पुढे रांगेत घुसलं आहे. दुसरी एक कोळंबी. हिला जवळजवळ दिसत नाही. हिचा एक पंजा दुसऱ्याच्या दुप्पट मोठा असतो आणि तो मिटला की असा 'टक्' आवाज येतो की आतल्या खोलीत ऐकू यावा. टाकीचा दुकानदार तिला पिस्तूल कोळंबी म्हणतो. ही कोळंबी दिवसभर वाळूत बीळ खणते, आतली वाळू ढकलत बाहेर आणून टाकते आणि पुन्हा आत जाते. मासा बिळाच्या तोंडाशी उभा राहून पहारा करतो. बाहेर आल्यावर कोळंबी आपली लांब मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी हलवतो आणि दोघंही आत पळतात. काकूंनी त्यांची नावं पहिल्याच आठवड्यात ठेवली, पहारेकरी आणि आंधळी.

"ती मरमर घर उपसते आणि हा दारात उभा," काकू म्हणायच्या. "यात बघण्यासारखं काय आहे? मी रोज बघते."

काका मात्र बघत. जबड्याचं काम करताना दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरून 'टक्' यायचं आणि त्या आवाजावर त्यांचा हात चालायचा. मागे एकदा आंधळीने कात टाकली आणि सहा दिवस बिळातच बसली. आवाज बंद. पहारेकरी मागच्या पंपाच्या नळीआड जाऊन बसला, खाईना, पोट आत गेलं. त्या सहा दिवसांत काकांच्या दोन कवळ्या बिघडल्या. ॲक्रिलिक घाईने तापवलं की त्यात बुडबुडे येतात. एकतीस वर्षांत काकांच्या कामात बुडबुडे आलेले ते दोनदाच. काकूंनी तेव्हा काही टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

यंदा जुन्या टाकीचा एक कोपरा पाझरायला लागला. आधी काकूंनी खाली रुमाल ठेवला, मग टॉवेल, मग एक पातेलं.

"काका," टाकीच्या दुकानदाराने निदान केलं, "जोड सुटतोय. हिचं आता काही खरं नाही. मोठी घ्या, महिनाभर नुसती चालवा, मग सगळे त्यात हलवा."

"हलवताना काय सांभाळायचं?"

"सगळंच."

नवी टाकी आली दोनशे चाळीस लिटरची. लोखंडी स्टँडवर बसली. नवीन वाळू, थोडे नवीन दगड, खारं पाणी, आणि पाच आठवडे ती रिकामीच चालली. काका रोज पाण्याचा खारटपणा मोजत, तपमान मोजत, बाटलीत थेंब टाकून रंग बघत आणि वहीत लिहीत. येणारेजाणारे रिकाम्या टाकीसमोर थांबून विचारायचे, "मासे कुठायत?" काकू सांगायच्या, "ते रंग लावून झाल्यावर राहायला येणार आहेत."

दुकानदाराने क्रम सांगितला होता. आधी दगड काढायचे, कारण दगड असताना मासा हाती लागत नाही. जुनी वाळू आणायची नाही, तिच्या तळाशी वर्षानुवर्षांची घाण असते, ती ढवळली की पाणी विषारी. नव्या टाकीत आधी दगड, मग प्रवाळ, मग मासे. काकांनी या तीन वाक्यांचा सत्तावीस कलमांचा तक्ता केला आणि भिंतीवर लावला. दगडांना त्यांनी दातांसारखे क्रमांक दिले : वरचा उजवा तिसरा, खालचा डावा सहावा. प्रत्येक दगड नव्या टाकीत कुठे आणि कोणत्या बाजूने बसणार याचं चित्र होतं.

काकूंनी तक्ता चष्मा लावून पूर्ण वाचला.

"आपल्या लग्नात एवढी तयारी नव्हती."

"म्हणूनच आता करतोय," काका म्हणाले.

दिवस ठरला तो नेमका हेडबाईंच्या कवळीचा. हेडबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. काकांनी त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण त्यांची टाळू ते झोपेतही काढून दाखवतील, कारण त्यांची वरची कवळी काकांनी दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा ती परत आली होती. तक्रार एकच, बोलताना वाजते. परत येताना सोबत चिठ्ठी असायची, सुबक अक्षरात : 'स म्हणताना टक् असा आवाज येतो. पुन्हा करावे.' खाली सही आणि तारीख.

"या बाईंनी मला पाचवीत बसवलंय," काका म्हणत. तिसऱ्यांदा त्यांनी नव्याने माप मागवलं, दातांची उंची केसभर कमी केली आणि कवळी आदल्या दिवशीच डबीत घालून दाराजवळच्या फळीवर ठेवली. ही फळी म्हणजे काकांच्या धंद्याचं शेवटचं स्टेशन. तयार डबी फळीवर, आणि अकरा वाजता मेहुणे ती उचलून दवाखान्यात पोचवणार.

मेहुणे म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. एकोणतीस वर्षं त्यांनी बस चालवली आणि निवृत्तीनंतर आता स्कूटरवर काकांच्या डब्या पोचवतात. त्यांची दोन तत्त्वं. एक, वेळ म्हणजे वेळ. दोन, चाकावर असताना फोन घ्यायचा नाही. तिसरं तत्त्व ते बोलून दाखवत नसत, पण पाळत. चष्मा घरी ठेवायचा.

त्या दिवशी सकाळी सातला काकांनी बाह्या वर केल्या. जुन्या टाकीतलं पाणी नळीने तीन बादल्यांत उतरलं. त्यांतल्या एका बादलीत पाणी गरम ठेवायची कांडी पडली. दगड एकेक निघायला लागले. काका क्रमांक पुकारायचे आणि काकू तक्त्यावर खूण करायच्या.

"वरचा उजवा चौथा."

"झाला."

"वरचा उजवा पाचवा."

"अहो, हा हलतोय. काढून टाकू?"

"प्रत्येक गोष्टीत विनोद नको."

मधेच काकूंना ओले टॉवेल ठेवायला जागा हवी होती. त्यांनी दाराजवळची फळी मोकळी केली आणि फळीवरची निळी डबी स्वयंपाकघरात फ्रिजवर नेऊन ठेवली. तसं त्यांनी सांगितलंही, पण तेव्हा काकांचं डोकं जुन्या टाकीत होतं, म्हणजे खरोखरच आत. नंतर टॉवेल वापरात आले आणि फळी पुन्हा रिकामी झाली.

पट्टेवाले दोघं पहिल्या फटक्यात जाळीत आले. पहारेकऱ्याने वीस मिनिटं घेतली. पकडल्यावर त्याने काकांकडे असं पाहिलं की काकांनी त्याची माफी मागितली. आंधळी मात्र कुठेच नव्हती. वाळू उघडी पडली, बिळं कोसळली, तरी नाही. काकांनी दात बघायचा छोटा आरसा आणला आणि बाहेर काढलेल्या दगडांची भोकं तपासायला सुरुवात केली. खालच्या डाव्या सहाव्या दगडात, अगदी आत, दोन मिश्या हलल्या. काकांनी रबरी फुग्याने आत पाण्याचा हलका झोत सोडला. एक झोत, दोन, तीन. चौथ्याला आंधळी 'टक्' करून खाली ठेवलेल्या टबात पडली.

काकांनी श्वास सोडला. तिला अंधार लागतो आणि एकटं राहणं लागतं, म्हणून तिच्यासाठी वेगळी सोय ठरलेली होती. कवळीची निळी डबी, अर्धी पाण्याने भरलेली, अर्धी हवा, वर झाकण. शिस्त म्हणून त्यावर पट्टीही चिकटवली, ठळक अक्षरात : 'आंधळी'.

आता तक्त्यातल्या सत्तावीस कलमांत पाण्याचं तपमान होतं, हात धुवायचे की नाही हे होतं, कोणत्या बादलीवर कोणतं झाकण हेही होतं. भरलेली डबी कुठे ठेवायची हे नव्हतं. ते लिहायची गरज काकांना वाटली नाही, कारण ते त्यांच्या हाताला माहीत होतं. एकतीस वर्षं त्यांच्या हाताने डबीत पाणी भरलं, झाकण लावलं, पट्टी चिकटवली आणि चार पावलं चालून डबी दाराजवळच्या फळीवर ठेवली. हाताने याही वेळी तेच केलं. काका तेव्हा बटणप्रवाळ कुठे चिकटवायचे याचा विचार करत होते.

अकराला बेल वाजली.

"काय भावोजी, समुद्रमंथन कुठवर आलं?" मेहुण्यांनी दारातूनच विचारलं.

काका खांद्यापर्यंत नव्या टाकीत होते. "मेहुणे, आज बोलू नका माझ्याशी. हेडबाईंची डबी घ्या आणि निघा. साडेअकराला बसणार आहेत त्या खुर्चीत."

"फळीवर आहे तीच ना?"

"तीच."

"ताई, चहा आल्यावर घेतो," म्हणून मेहुणे गेले. फळीवर एकच डबी होती. एकच असताना वाचायचं काय?

वीस मिनिटांनी दगड बसले, प्रवाळ बसले, पट्टेवाले नव्या घरात फिरून भांडायला चांगला कोपरा शोधू लागले. पहारेकरी सोडला तो तीरासारखा जाऊन दगडाच्या बुडाशी दबला. दुकानदाराचा सल्ला होता, आता लगेच त्याच्यासमोर कोळंबी सोडा म्हणजे बावरणार नाही. काकांनी दिवे मंद केले.

"अगं, डबी दे."

"फ्रिजवरची?"

"तू फ्रिजवर ठेवलीस? बरं केलंस. दे."

काकूंनी डबी आणून दिली. काकांनी ती पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवली, झाकण हळूच सरकवलं आणि डोळ्यांत तेल घालून डबी तिरपी केली. मंद उजेडात चौदा दात आणि एक गुलाबी टाळू डुलत डुलत खाली गेली आणि वाळूवर पालथी बसली.

मग पहारेकरी दगडाखालून बाहेर आला. त्याने कवळीला एक फेरी मारली, मागच्या बाजूने टाळूच्या घुमटाखाली शिरला, आणि पुढच्या दातांच्या वर, जिथे मधोमध थोडी फट राहते, तिथून डोकं बाहेर काढून बघायला लागला.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "ही बाईंची."

"मग आंधळी?"

दोघांनीही एकदमच फळीकडे पाहिलं.

काकांनी मेहुण्यांना फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. तत्त्व नंबर दोन. दवाखान्यात लावला तर एका गोड आवाजाने थांबायला सांगितलं आणि संगीत सुरू झालं. काका संगीत ऐकत उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली पद्धत आली. ती त्यांनीच पाठवलेल्या सूचनापत्रात छापली होती : डबी उघडावी, कवळी वाहत्या नळाखाली धुवावी, मग तोंडात बसवावी. नळाचं गोडं पाणी म्हणजे आंधळीचा निकाल. आणि नळापर्यंत गेली नाही, तरी उघड्या डबीतून ती बेसिनमध्ये पडायला एक धक्का पुरे.

"उभे राहू नका असे," काकू म्हणाल्या. "जा! टॅक्सी करा."

"कवळी कशी काढू? तो आत बसलाय."

"त्याला मी बघते."

काकूंनी नऊ वर्षांत टाकीत कधी बोट घातलं नव्हतं. त्यांनी बांगड्या मागे सारल्या, हात कोपरापर्यंत आत घातला आणि कवळी एका बाजूने उचलली. पहारेकरी तिच्या खालून पोहत वर येऊ लागला. काकूंनी त्याला करंगळीने बाजूला केलं. "चल हो. लोकांचं आहे ते."

काका निघाले ते एका हातात हेडबाईंची कवळी बरणीत आणि दुसऱ्या हातात टाकीतल्या पाण्याने भरलेला थर्मास घेऊन. एक बाही वर, एक खाली. टॅक्सीवाल्याने आरशातून बरणीकडे दोनदा पाहिलं आणि मग सबंध रस्ता समोर बघून गाडी चालवली.

दवाखान्यात काका सहा वर्षांत आले नव्हते. रिसेप्शनवरची बाई अजूनही फोनवर कोणाला तरी थांबायला सांगत होती. मेहुणे बाकावर मासिक चाळत बसले होते.

"भावोजी? तुम्ही कसे? मी वेळेत पोचवलीय हं. अकरा अठ्ठावीस."

काका सरळ आत घुसले.

आत खुर्चीत हेडबाई बसल्या होत्या. गळ्याला कागदी रुमाल, पाठ ताठ, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. वरचे दात नव्हते, पण अधिकार जसाच्या तसा होता. पलीकडे डॉक्टरीणबाई आणि त्यांची मदतनीस उभ्या होत्या, ओळीत, वर्गाबाहेर काढल्यासारख्या. मधल्या तबकात निळी डबी. झाकण बंद.

"उघडली?" काकांनी विचारलं.

"काका, बरं झालं तुम्ही आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही उघडणारच होतो. ही नळाकडे निघालीच होती. पण बाईंनी—"

"मी थांबवलं," हेडबाई म्हणाल्या. "आपणच का ते? दोनदा मी तुम्हाला लिहून कळवलं की वाजते. आणि ही पाहा, तोंडात घालायच्या आधीच वाजते आहे. डबीत एकटी असताना जी इतकी बडबड करते, ती माझ्या तोंडात काय करेल? मी सांगितलं, ज्यांनी केली त्यांना बोलवा, तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

डबीतून 'टक्' आवाज आला.

"ऐकलंत?"

काकांनी ऐकलं. त्यांना खाली बसावंसं वाटत होतं, पण खुर्ची एकच होती आणि ती भरलेली होती.

"आणखी एक," हेडबाईंनी डबीवरच्या पट्टीकडे बोट केलं. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. आंधळी कोण?"

खोटं सुचण्याचा काकांना सराव नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं : जुनी टाकी, नवी टाकी, मासा, मिशी, बीळ, फळी. डॉक्टरीणबाईंनी मधेच डोळे मिटून घेतले. हेडबाईंनी मात्र एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "दाखवा."

काकांनी झाकण उघडलं. हेडबाईंनी चष्म्यावरून बराच वेळ आत पाहिलं. आंधळी डबीच्या कोपऱ्यात मिश्या फिरवत होती. चाचपायला समोर कोणी नव्हतं.

"हिला दिसत नाही?"

"अगदीच अंधुक. म्हणून मासा लागतो."

"आणि माझी कवळी इतका वेळ कुठे होती?"

"टाकीत," काका म्हणाले. आणि अर्धं सांगून थांबणं त्यांना जमेना. "मासा आत जाऊन बसला होता."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा डोळे मिटले.

"त्याला कुठे टोचली?"

"नाही. चांगला ऐसपैस होता."

"मग बघू मला टोचते का."

कवळी साबणाने धुतली गेली, दुसऱ्या कशाने धुतली गेली, पुन्हा धुतली गेली आणि मग बसवली गेली. तेवढ्यात काकांनी थर्मासमधलं कोमट खारं पाणी आंधळीच्या डबीत थोडं थोडं घातलं. आपण केलेली कवळी चालते कशी ते बघायला काका धंद्यात पहिल्यांदाच समोर उभे होते.

"बोला, सहासष्ट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सहासष्ट," हेडबाई म्हणाल्या. "सदुसष्ट. सारांश. शिस्त. संस्थेचे सन्माननीय सदस्य." सगळे कान देऊन ऐकत होते. तोंडातून काही वाजलं नाही. हेडबाईंनी जीभ आतून फिरवली, ओठ मिटले, उघडले. तेवढ्यात तबकातून 'टक्'.

"तिला सांगा," हेडबाई म्हणाल्या, "एका वेळी एकच बोलेल."

त्या हसल्या तेव्हा काकांनी वरच्या उजव्या दुसऱ्या दाताकडे पाहिलं. तो त्यांनी मुद्दाम किंचित तिरका लावला होता, कारण बाईंच्या जुन्या फोटोत तो तसा होता. फोटोतल्यापेक्षा बरा दिसत होता. काकांनी हे कोणाला सांगितलं नाही. ते आंधळीला घेऊन घरी आले.

गोष्ट इथे संपती तर सुटसुटीत झालं असतं. आंधळीला दगडाच्या बुडाशी, चित्रात दाखवल्याप्रमाणे, सोडलं. तिने तासाभरात खणायला घेतलं. पण पहारेकरी तिकडे फिरकेना. तो टाकीच्या मधोमध, जिथे कवळी पडली होती त्या उघड्या वाळूवर जाऊन बसला. वर छप्पर नाही, बाजूला दगड नाही. पट्टेवाले येता-जाता त्याला ढुशी देत. दुसऱ्या दिवशीही तिथेच. अन्न त्याच्या तोंडासमोरून वाहत गेलं तरी बघेना. तिकडे आंधळी बिळातून बाहेर येई, मिशी इकडेतिकडे फिरवी, काही लागलं नाही की वाळू अर्ध्यावर टाकून आत जाई. आणि वाजत नव्हती.

काका आतल्या खोलीत हातात मेणाचा चाकू घेऊन नुसते बसलेले काकूंनी पाहिले.

"चिकाटी बघा मेल्याची," काकू टाकीसमोर उभ्या राहून म्हणाल्या. "एकदा घर दाखवलंत आणि हिसकावून घेतलंत. आता त्याला तेच पाहिजे."

"तेच कसं देऊ? बाईंच्या तोंडात आहे."

"तोंडात एक आहे. प्लास्टर तुमच्याकडे आहे ना?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग आतल्या कपाटातून हेडबाईंच्या टाळूचा साचा काढला. पण लगेच कामाला लागले नाहीत, आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. काकांच्या मते टाळू ही पेशंटची खाजगी बाब आहे. डॉक्टरीणबाईंनी हेडबाईंना विचारलं आणि निरोप आला : 'दात लावणार आहेत का?' काकांनी कळवलं की नाही. उलट निरोप आला : 'मग हरकत नाही.'

ॲक्रिलिक मंद आचेवर, सगळा वेळ घेऊन शिजलं. एकही बुडबुडा आला नाही. दीड दिवस ते पाण्यात मुरत ठेवलं, आणि मग बिनदाताची, गुलाबी, सुबक टाळू काकांनी पहारेकऱ्यापासून वीतभर अंतरावर वाळूत पालथी ठेवली. पहारेकऱ्याने पाच मिनिटं नाराजीने पाहिलं. सहाव्या मिनिटाला तो आत होता. संध्याकाळी त्याने खाल्लं.

आंधळीला हलवायचं की नाही यावर घरात दोन मतं होती. मेहुण्यांनी, मागितलं नसताना, तिसरं दिलं. "भावोजी, डबीत घाला, मी पोचवतो." शेवटी तिला कोणीच हात लावला नाही. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी काका दात घासत बाहेर आले तर गुलाबी घुमटाच्या मागच्या बाजूला वाळूचा ताजा ढीग होता. आंधळीने दगडाखालून पाऊणएक हात लांब बोगदा काढला होता. ती घुमटाखालून वाळू ढकलत बाहेर आली, आणि तिची मिशी पहारेकऱ्याच्या पाठीवर टेकली. चित्रात दाखवलेली दगडाच्या बुडाची जागा आजतागायत रिकामी आहे. तक्ता काकूंनी काढून टाकला.

महिन्याने दवाखान्यातून नेहमीची डबी आली, तिच्यासोबत एक चिठ्ठी. सुबक अक्षर, खाली सही आणि तारीख.

'कवळी उत्तम. स व्यवस्थित. आपल्याकडील वाजते का, ते कळवावे.'

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. बाहेरच्या खोलीतून 'टक्' आलं. काकांनी त्याच चिठ्ठीच्या खाली लिहिलं, 'वाजते. बदलून मिळणार नाही,' ती डबीत घातली, वर पट्टी चिकटवली आणि डबी फळीवर ठेवली. मग परत येऊन पट्टी वाचली.